फाईलवरचा ‘एस२२.०८०ए’ नक्की काय सांगतो? पाठीच्या मधल्या मणक्यांची दुखापत आणि तिचे कोड

पाठीवर आपटून हॉस्पिटलात गेलेल्या माणसाची डिस्चार्ज फाईल उघडली की निदानाची एक ओळ असते आणि तिच्या शेजारी किंवा इन्शुरन्सच्या कागदांवर एस२२.०८०ए असं काहीतरी छापलेलं असतं. निदानाची ओळ कशीबशी समजते, कोड मात्र डोक्यावरून जातो, मग घरचे लोक रात्री मोबाईलवर तो शोधत बसतात आणि जे सापडतं त्याने जास्तच घाबरतात. म्हणून हे एकदा नीट पहिल्यापासून बघू. त्या सात अक्षर-अंकांत बरंच काही भरलेलं असतं, आणि त्यात काय नसतं हे कळणं तर माझ्या मते त्याहून महत्त्वाचं आहे.

## पाठीचा मधला भाग म्हणजे कोणता?

मानेत ७ मणके, त्याखाली छातीच्या मागे १२, मग कमरेत ५, आणि त्याखाली माकडहाडापर्यंतचे एकमेकांत जुळून गेलेले. आपण बोलतोय ते मधल्या १२ बद्दल. डॉक्टर याला थोरॅसिक स्पाइन म्हणतात आणि वरून खाली टी-१ ते टी-१२ असे नंबर देतात. काही रिपोर्टमध्ये टी-१२ च्या जागी डी-१२ लिहिलेलं दिसेल, मणका तोच आहे, गोंधळून जाऊ नका.

हा भाग वेगळा आहे तो बरगड्यांमुळे. यातल्या प्रत्येक मणक्याला दोन्ही बाजूंनी बरगडी जोडलेली असते आणि वरच्या बहुतेक बरगड्या पुढे छातीच्या हाडापर्यंत पोचतात, त्यामुळे एक घट्ट पिंजरा तयार होतो. मान वळते, कंबर वाकते, पण मधली पाठ फारशी हलत नाही. याचा फायदा असा की धडधाकट तरुण माणसाचा हा भाग सहजासहजी मोडत नाही, त्याला उंचावरून पडणं किंवा गाडीची जोरदार धडक असा मोठा जोर लागतो. आणि एवढा जोर बसलेला असतो म्हणूनच डॉक्टर नुसता मणका बघून थांबत नाहीत, बरगड्या, फुप्फुसं, पोट सगळं तपासतात. नातेवाइकांना वाटतं उगाच टेस्ट वाढवतायत. तसं नसतं.

तोटा दुसऱ्या बाजूने आहे. मणक्यांच्या आतल्या पोकळीतून मज्जारज्जू जातो, म्हणजे मेंदूतून निघून हातापायांपर्यंत संदेश नेणाऱ्या नसांची जाड दोरी, आणि ही पोकळी मधल्या पाठीत अरुंद असते. शिवाय मज्जारज्जूचा रक्तपुरवठाही या पट्ट्यात तुलनेने कमी. म्हणजे हाड मोडायला जोर जास्त लागतो, पण मोडून आत सरकलं तर मज्जारज्जूला बाजूला व्हायला जागाच नसते.

## मग टी-१२ च्या आसपासच जास्त फ्रॅक्चर का दिसतात?

जमिनीत घट्ट रोवलेला बांबू वाकवला तर तो मध्येच कुठे मोडत नाही, जमिनीलगत मोडतो, जिथे पक्का धरलेला भाग संपतो आणि मोकळा भाग सुरू होतो तिथे. पाठीत ती जागा म्हणजे छाती आणि कंबर यांचा सांधा, साधारण टी-११ पासून कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंत. टी-११ आणि टी-१२ च्या बरगड्या आखूड असतात, पुढे छातीच्या हाडाला जोडलेल्याच नसतात, त्यामुळे पिंजऱ्याचा आधार इथे सुटतो. उंचावरून पायांवर किंवा बुडावर आपटलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये टी-१२ किंवा कमरेचा पहिला मणका इतक्या वेळा का सापडतो ते यावरून कळेल.

## फ्रॅक्चर फ्रॅक्चरमध्ये फरक असतो

कोड समजायचा तर हे दोन-तीन प्रकार माहीत हवेत. मणक्याचा पुढचा भाग म्हणजे एक गोल ठोकळा आणि मागे कमान, मधल्या पोकळीतून मज्जारज्जू. पुढे वाकून दाब आला आणि ठोकळ्याची फक्त पुढची बाजू चेपली तर ते वेज कम्प्रेशन, बाजूने एक्सरे काढला की मणका पाचरीसारखा दिसतो. मागची भिंत शाबूत असल्याने मज्जारज्जूला सहसा धोका कमी. दाब सरळ वरून जोरात आला आणि ठोकळा फुटून तुकडे चारही बाजूंना गेले, मागची भिंतही फुटली, तर ते बर्स्ट फ्रॅक्चर. इथे तुकडा पोकळीत घुसू शकतो. बर्स्टमध्येही स्थिर आणि अस्थिर असा भेद करतात, म्हणजे माणूस उभा राहिल्यावर तो भाग आपलं वजन पेलेल की आणखी ढासळेल. हे एक्सरेवर बऱ्याचदा कळत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो, आणि मज्जारज्जू, दोन मणक्यांमधली चकती आणि मागचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे, बघायला एमआरआय. एक आणखी प्रकार आहे ज्यात मणका आडवा फाटतो, फक्त पोटावरून जाणारा सीटबेल्ट लावलेला असताना धडक झाली की असं होतं, त्याला चान्स फ्रॅक्चर म्हणतात. यात पोटातल्या आतड्यांनाही इजा असू शकते, म्हणून पोटावर पट्ट्याचा वळ दिसला तर डॉक्टर लगेच सावध होतात.

## हे कोड ठरवतं कोण?

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची एक मोठी यादी आहे, तिला आयसीडी म्हणतात. तिची मुळं १८९३ पर्यंत जातात, जाक बर्तियों नावाच्या फ्रेंच आकडेतज्ज्ञाने मृत्यूच्या कारणांची यादी मांडली तिथून, आणि १९४८ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. आता सगळ्यात जास्त कानावर येते ती दहावी आवृत्ती.

इथेच पहिला घोळ होतो. मूळ दहाव्या आवृत्तीत छातीमागच्या मणक्याच्या फ्रॅक्चरचा कोड एकदम छोटा आहे, एस२२.०, आणि एकापेक्षा जास्त मणके मोडले असतील तर एस२२.१. बस. अमेरिकेने स्वतःसाठी तिची खूप सविस्तर आवृत्ती बनवली, ती १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथे वापरात आहे, आणि नेटवर शोधलं की बहुतेक वेळा हीच समोर येते. त्यामुळे तुमच्या फाईलवर एस२२.० एवढंच असेल आणि नेटवर सात अक्षरी कोड दिसत असतील तर तुमचा कोड अर्धवट लिहिलाय असं नाही, दोन वेगळ्या याद्या आहेत एवढंच.

## एस२२.०८०ए सुटा करून बघू

हा कोड त्या अमेरिकन यादीतला आहे. एस२२ म्हणजे बरगड्या, छातीचं हाड किंवा छातीमागचा मणका यांचं फ्रॅक्चर. पुढचा ० म्हणजे यापैकी मणका. त्यापुढचा अंक कोणता मणका ते सांगतो, १ ते ४ म्हणजे टी-१ ते टी-४ एकेक करून, आणि त्यानंतर जोड्या सुरू होतात, ५ म्हणजे टी-५ किंवा टी-६, ६ म्हणजे टी-७ किंवा टी-८, ७ म्हणजे टी-९ किंवा टी-१०, ८ म्हणजे टी-११ किंवा टी-१२. सहावी जागा फ्रॅक्चरच्या प्रकाराची, ० म्हणजे वेज कम्प्रेशन, १ स्थिर बर्स्ट, २ अस्थिर बर्स्ट, ८ म्हणजे इतर काही आणि ९ म्हणजे प्रकार लिहिलेलाच नाही. शेवटचं अक्षर उपचाराचा टप्पा सांगतं, त्यावर पुढे बोलू.

म्हणजे आपला कोड झाला, टी-११ किंवा टी-१२ चा वेज कम्प्रेशन, बंद फ्रॅक्चर, मुख्य उपचार चालू. त्या दोनपैकी नेमका कोणता मणका हे कोडवरून कधीच कळणार नाही, त्यासाठी रिपोर्ट वाचावा लागतो. आणि ‘बंद’ या शब्दाने फसू नका, बंद म्हणजे किरकोळ असं नाही, बंद म्हणजे वरची कातडी फाटून हाडापर्यंत जखम गेलेली नाही एवढंच. मणक्याचे बहुतेक फ्रॅक्चर बंदच असतात, अगदी पाय लुळे पाडणारेसुद्धा. डॉक्टरांनी उघडं की बंद काहीच लिहिलं नसेल तर नियमाने बंदच धरतात.

## तिसऱ्यांदा दाखवायला गेलो तरी ‘ए’ कसा काय?

हा प्रश्न खूप जण विचारतात आणि क्लेमच्या वेळी यावरून वादही होतात. ए म्हणजे पहिली भेट असं वाटतं, पण तसं नाहीये. ए चा अर्थ मुख्य उपचार अजून चालू आहेत. ऑपरेशन झालं तो ए, इमर्जन्सीत तपासलं तो ए, आणि दुसऱ्या हॉस्पिटलात नव्या डॉक्टरने ऑपरेशनची दिशा ठरवली आणि उपचार सुरू केले तर तिथेही ए. उपचार संपून हाड भरतंय की नाही एवढं बघायला जाता, बेल्ट काढायला जाता, तेव्हा डी लागतो. हाड भरायला उशीर होत असेल तर जी, जुळलंच नाही तर के. आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्या दुखापतीचा मागे राहिलेला त्रास दाखवायला गेलात तर एस. उघड्या फ्रॅक्चरला मुख्य उपचारांच्या टप्प्यात ए ऐवजी बी असतो.

## मज्जारज्जूचा कोड वेगळा, आणि तो आधी

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हे. एस२२ फक्त हाडाबद्दल बोलतो. पायात ताकद आहे का, लघवी होते का, याबद्दल तो गप्प असतो. मज्जारज्जूच्या इजेसाठी एस२४ हा वेगळा गट आहे आणि दोन्ही इजा असतील तर अमेरिकन यादीच्या नियमाने एस२४ आधी लिहायचा आणि एस२२ त्याच्यानंतर. जुन्या नवव्या आवृत्तीत हाड आणि मज्जारज्जू मिळून एकच कोड असायचा, आता दोन आहेत, त्यामुळे दुसरा लिहायचा राहून गेला तर कागदावर तो माणूस नुसता मणका मोडलेला दिसतो, त्याचे पाय लुळे आहेत हे कुठेच येत नाही.

एस२४ मध्ये दोन गोष्टी सांगाव्या लागतात, इजा कशी आणि कुठल्या पातळीवर. पातळ्यांचे गट इथे वेगळे आहेत, टी-१, मग टी-२ ते टी-६, टी-७ ते टी-१०, आणि टी-११ ते टी-१२. आणि ही पातळी मज्जारज्जूची, हाडाची नव्हे. हा फरक महत्त्वाचा, कारण मज्जारज्जू पाठीच्या कण्यापेक्षा आखूड असतो, मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्यामुळे खालच्या पाठीत हाडाचा नंबर आणि त्याच्या आत असलेल्या मज्जारज्जूच्या भागाचा नंबर जुळत नाहीत. टी-१२ चं हाड मोडलं आणि आतली इजा मात्र पाय, लघवी आणि शौच सांभाळणाऱ्या खालच्या भागाला झाली असं होऊ शकतं, आणि मग तिचा कोड एस२४ मध्ये न येता कमरेच्या गटात, एस३४ मध्ये येतो. रिपोर्टमध्ये एक नंबर आणि डॉक्टरांच्या तोंडी दुसरा नंबर ऐकला तर चूकच झाली असं लगेच धरू नका, विचारा की हाडाचा नंबर कोणता आणि नसांचा कोणता.

पातळी ठरवतात ती अंगावर स्पर्श आणि टोचणी तपासून. स्तनाग्रांच्या रेषेत टी-४, बेंबीच्या रेषेत टी-१०, अशा ठरलेल्या खुणा आहेत. बेंबीपर्यंत व्यवस्थित कळतंय आणि खाली काही नाही, तर इजा टी-१० च्या आसपास. टी-१ च्या खाली इजा असेल तर हातांची ताकद शाबूत राहते, पाय आणि त्या पातळीखालचं धड बाधित होतं.

मग इजा पूर्ण की अपूर्ण. पूर्ण म्हणजे मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकापर्यंत ना संवेदना पोचते ना हालचाल, आणि हे बघायला डॉक्टर गुदद्वाराची तपासणी करतात. पेशंटला आणि घरच्यांना हे फार अवघडल्यासारखं होतं, काही जण नको म्हणतात, पण कृपया नको म्हणू नका. तिथे थोडीशी जरी संवेदना शिल्लक असेल तर इजा अपूर्ण ठरते आणि अपूर्ण इजेत सुधारणेची शक्यता बरीच जास्त असते. सुरुवातीच्या दिवसांत मज्जारज्जू धक्क्यात असतो, सगळंच बंद पडल्यासारखं दिसतं, म्हणून ही तपासणी पुन्हा पुन्हा होते आणि पहिल्या दिवशीचा कोड नंतर बदलू शकतो. उदाहरणच द्यायचं तर एस२४.११३ए म्हणजे टी-७ ते टी-१० पातळीवरची पूर्ण इजा. हा कोड पहिल्या दिवशीच्या कागदावर दिसला म्हणून सगळं संपलं असं समजू नका.

## पडली तर होती, मग दुखापतीचा कोड का नाही?

वय झालेली बाई खुर्चीवरून घसरून बसली, पाठीत कळ आली, एक्सरेत टी-१२ चेपलेला. घरच्यांना वाटतं फ्रॅक्चर आहे म्हणजे एस२२ च. पण फाईलवर येतो एम८०.०८एक्सए. कारण नियम असा की हाडं ठिसूळ झाल्याचं माहीत असेल आणि निरोगी हाड ज्या पडण्याने मोडलं नसतं तेवढ्यानेच मोडलं असेल, तर ती दुखापत न धरता आजारामुळे झालेलं फ्रॅक्चर धरायचं. ठिसूळ हाडं म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. कोडमधला एक्स फक्त रिकामी जागा भरायला असतो, त्याला अर्थ नाही.

हा फरक कागदी वाटला तरी उपचार त्यावर फिरतात. दुखापत म्हटलं की बेल्ट, वेदनाशामक, आराम आणि विषय संपला. ठिसूळ हाडांचं फ्रॅक्चर म्हटलं की हाडांची घनता तपासणं, औषध सुरू करणं, पुढचं फ्रॅक्चर टाळणं हे सगळं आलं, कारण एक मणका चेपला की पुढचा चेपण्याचा धोका वाढलेला असतो. म्हाताऱ्या माणसाची उंची हळूहळू कमी होते, पोक येतं आणि सगळे वय झालं म्हणून सोडून देतात, त्यात कितीतरी वेळा न कळलेले चेपलेले मणके असतात, हे मला फार खटकतं कारण यावर उपचार आहेत. एम८०.०८ मध्ये एक उणीव मात्र आहे, तो फक्त मणका म्हणतो, छातीमागचा की कमरेचा तेही सांगत नाही.

कॅन्सर पसरून मणका मोडला तर गट वेगळा, एम८४.५. टीबीने मणका खाल्ला तर आणखी वेगळा, तो संसर्गाच्या आजारांत, ए१८.० मध्ये जातो. म्हणून काही मार नसताना पाठ दुखतेय, रात्री जास्त दुखतेय, ताप येतोय, वजन उतरतंय, आधी कॅन्सर होऊन गेलाय, यातलं काही असेल तर नुसत्या गोळ्या घेत बसू नका. आणि पायात मुंग्या, ताकद कमी, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, हे दिसलं तर त्याच दिवशी इमर्जन्सी. अपघातात पाठीला मार लागलेल्या माणसाला उठवून बसवू नका, खांद्याला धरून ओढू नका, जागीच धोका नसेल तर मदत येईपर्यंत आहे तसा पडून राहू द्या.

## फ्रॅक्चर नसेल तर?

तर गोष्ट छोटी आहे. अस्थिबंध ताणले तर एस२३.३, पाठीचा स्नायू ताणला तर एस२९.०, आणि कारण अजून सापडलंच नसेल तर नुसतं दुखणं म्हणून एम५४.६. हा शेवटचा बघून काही जण चिडतात की डॉक्टरांना काही कळलंच नाही. पण निदान पक्कं नसताना अंदाजाने मोठा कोड टाकण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे, पुढे निदान झालं की कोड बदलतो.

याशिवाय कसं लागलं याचेही कोड असतात, डब्ल्यू११ म्हणजे शिडीवरून पडणं, व्ही ने सुरू होणारे वाहतूक अपघातांचे. ते मुख्य निदान नसतं, सोबत जोडतात, आणि कुठल्या कामात लोक जास्त पडतात, कुठल्या वाहनात जास्त लागतं हे कळायला ते लागतात.

## कोड बघून किती गंभीर ते कळतं का?

थोडंफार, पुरेसं नाही. एकाच एस२२.०८०ए खाली मणका जरासा चेपलेला आणि दोन आठवड्यांत चालता-फिरता झालेला माणूस येतो आणि अर्धा मणका चेपून पोक आलेलाही येतो. वेदना किती, कामावर कधी जाता येईल, ऑपरेशन लागेल का, यातलं काही कोडमध्ये नाही. सर्जन त्यासाठी स्वतःची वेगळी वर्गीकरणं वापरतात ज्यात मागचे अस्थिबंध फाटलेत का, नसांची अवस्था काय हे सगळं धरलेलं असतं. आयसीडीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, तिच्यात मुख्य कोडला जास्तीचे कोड जोडून तपशील वाढवता येतात, पण सगळे देश आपापल्या वेगाने तिकडे जातायत, त्यामुळे दहावी अजून बराच काळ दिसत राहील.

## कोड चुकलाय असं वाटलं तर

कोड टाकणारा माणूस पेशंटला बघत नाही, तो डॉक्टरांनी लिहिलेलं वाचतो आणि तेवढ्यावरच कोड देतो, स्वतः एमआरआय बघून निदान ठरवायची त्याला परवानगी नसते. म्हणून नोटमध्ये फक्त ‘मणक्याचं फ्रॅक्चर’ एवढंच असेल तर प्रकाराच्या जागी ९ येणार, पायाच्या कमजोरीचा उल्लेख नसेल तर एस२४ येणार नाही, आणि हाडं ठिसूळ आहेत हे लिहिलं नसेल तर म्हातारीचं फ्रॅक्चर दुखापतीत जाणार. काउंटरवर भांडून उपयोग नाही. डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांना विचारा की समरीत मणक्याचा नंबर, फ्रॅक्चरचा प्रकार, नसांची अवस्था आणि हाडं मोडायचं कारण या चार गोष्टी लिहिल्या आहेत का. राहिलं असेल तर डॉक्टर नोटमध्ये तारीख टाकून भर घालू शकतात आणि त्यावरून कोड दुरुस्त होतो, क्लेम आधीच गेला असेल तर दुरुस्त कागद परत पाठवता येतात.